उपवास पाळणारी गळती

एर्मलीन लमेलचे वजन सलग तीन वर्षे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळात, उतरले आणि ईस्टरनंतर पुन्हा चढले.

एर्मलीन माझी मामेबहीण. ओपलूसस गावाच्या उत्तरेला, जिथे एकाच शेतात आधी भात आणि मग क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, निघतात, त्या भागात ती शाळेची बस चालवते. वय सेहेचाळीस. तिच्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली आहे. बसच्या पायऱ्या ती बाजूने, एकेक पाय टाकत चढते आणि एकदा जागेवर बसली की शेवटचे मूल उतरेपर्यंत उठत नाही. पुन्हा चढता येईल याची तिला खात्री नसते. सकाळची कॉफी तिने याच कारणासाठी सोडली आहे.

हाडांच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की गुडघे बदलता येतील, पण वजन एका ठरावीक आकड्याखाली आल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. पोटाच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की दुसरी शस्त्रक्रिया केल्याशिवाय वजन त्या आकड्याखाली येणार नाही. शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने उचलल्याशिवाय ती होणार नाही. आणि कंपनीची अट अशी की सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार सांभाळावा व रोज अर्धा तास चालावे. चालण्यासाठी गुडघे लागतात.

हे वर्तुळ मी एकदा तिला कागदावर काढून दाखवले. मी माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आकृती काढण्याची सवय जात नाही.

"चित्र छान आहे," ती म्हणाली. "यात मी कुठून आत शिरले तेवढं दाखव, म्हणजे तिथूनच बाहेर पडते."

पहिली शस्त्रक्रिया नऊ वर्षांपूर्वी झाली होती. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा एक पोकळ पट्टा बसवतात. त्यातून एक बारीक नळी निघते आणि बरगड्यांच्या खाली, कातडीच्या आत शिवलेल्या नाण्याएवढ्या बटणाला जोडली जाते. बटणात सुई खुपसून सलाइन भरले की पट्टा फुगतो, वाट अरुंद होते आणि माणूस थोड्या घासांत तृप्त होतो. पाच वर्षे हे सारे ठरल्याप्रमाणे चालले. नंतर वजन परतू लागले. आता तिच्या पोटाच्या डॉक्टरांना, प्रॅटर यांना, तो पट्टा काढून जठराचा बायपास करायचा होता.

कंपनीच्या नियमानुसार वजनाची शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच मिळते. अपवाद दोन: बसवलेले साधन मोडल्याचे सिद्ध व्हावे, किंवा रुग्णाने सर्व सूचना पाळूनही पहिल्या शस्त्रक्रियेचा उपयोग झालेला नसावा. एर्मलीनने दुसऱ्या अपवादाखाली अर्ज केला. जानेवारीपासून जूनपर्यंत तिने आहार सांभाळला आणि चालण्याऐवजी चर्चच्या सभागृहात खुर्चीवर बसून हातांचा व्यायाम केला. जुलैत नकाराचे पत्र आले.

तो फोन मी ऐकला आहे. आम्ही नॉन्क आल्फॉन्सच्या, म्हणजे माझ्या मामाच्या, स्वयंपाकघरात बसलो होतो. एर्मलीनने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. मामा भेंडी चिरत होता.

"मॅडम," पलीकडची बाई म्हणाली, "पत्राच्या पहिल्या परिच्छेदात म्हटलंय की मार्च-एप्रिलमध्ये तुमचं वजन उतरलं. म्हणजे तुमचा पट्टा व्यवस्थित काम करतोय. दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज नाही."

"मग मे-जूनमध्ये वाढलं ते?"

"ते दुसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही सूचना पाळल्या नाहीत."

"कुठली सूचना पाळली नाही?"

"वजन कमी करण्याची, मॅडम."

मामाने सुरी थांबवली. "तिला विचार, हे दोन परिच्छेद एकमेकांना कधी भेटलेत का?"

"पापा, गप्प बसा जरा. बरं, समजा मी सहाही महिने वजन उतरवलं असतं तर?"

"तर पट्टा काम करतोय हे सिद्ध झालं असतं."

"आणि अजिबात उतरवलं नसतं तर?"

"तर सूचना पाळल्या नाहीत असं झालं असतं."

"मग तुमच्याकडे पास कोण होतं, बाई?"

बाई प्रामाणिक असावी. "ते मला नाही सांगता येणार, मॅडम. मी फक्त नापासांचे फोन घेते."

एर्मलीन हसली. मामाही हसला. फोन बंद झाल्यावर मात्र ती बराच वेळ टेबलावरचे तेलकट डाग पुसत राहिली.

आता राहिला पहिला अपवाद: साधन मोडल्याचा. प्रॅटर यांना संशय होताच. कंपनी वर्षातून एकदाच पट्ट्यात पाणी भरण्याचे पैसे देते आणि ती एक खेप एर्मलीन दरवर्षी एकाच दिवशी वापरते. मार्डी ग्राला, म्हणजे उपवासाआधीच्या मेजवानीच्या दिवशी, जे खायचे ते खाऊन व्हावे. मग बुधवारी सकाळी कपाळाला राख आणि दुपारी पोटाला सुई. पुढच्या राखेच्या बुधवारी मीच तिला दवाखान्यात घेऊन गेलो. प्रॅटर यांनी नवे पाणी भरण्यापूर्वी जुने काढून मोजले. गेल्या वर्षी भरलेल्यापैकी तिसरा हिस्साही उरला नव्हता.

"पाणी कुठंतरी जातंय," ते म्हणाले. "चला, बघूनच टाकू."

त्यांनी क्ष-किरणांत पांढरे दिसणारे औषध पट्ट्यात भरले आणि तिला यंत्राखाली उताणे निजवले. पडद्यावर पट्टा, नळी, बटण सारे पांढऱ्या रेषेत उमटले. वाट पाहिली. रेषेबाहेर काहीही आले नाही. त्यांनी अहवालात लिहिले: गळती नाही.

तरीही त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांशी बोलण्याची वेळ मागून घेतली. हा एक रिवाज आहे. नकारानंतर तुमचा डॉक्टर त्यांच्या डॉक्टराशी बोलू शकतो. पलीकडे ओहायोतले एक निवृत्त सर्जन होते. आवाज सौम्य, शब्द मोजके. एर्मलीन आणि मी प्रॅटर यांच्या खोलीतच बसलो होतो.

"डॉक्टर प्रॅटर, तुम्ही मागच्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यातही पाणी मोजलं होतंत असं दिसतंय."

"हो. माझ्याच कुतूहलापोटी. बिल लावलं नव्हतं."

"आणि ते किती होतं?"

प्रॅटर यांनी खुर्चीत जागा बदलली. "पूर्ण होतं."

"म्हणजे उपवासकाळात पाणी कमी होत नाही, ईस्टरनंतर कमी होतं. वजनही तसंच. सलग तीन वर्षं." कागद उलटल्याचा आवाज आला. "फुटलेली नळी रोज गळते, डॉक्टर. ती उपवास पाळत नाही. उपवास माणूस पाळतो. तुमच्या रुग्णाने मनावर घेतलं की जमतं, आणि ईस्टर झाला की सुटतं. याला मी साधनाचा दोष म्हणू शकत नाही."

"आणि पाणी? ते कुठं गेलं?"

"सिलिकॉनमधून थोडं झिरपतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे."

युक्तिवाद नीट बांधलेला होता. झिरपण्याने एवढे पाणी जात नाही, हा एकच कच्चा दुवा. पण तो कच्चा आहे एवढ्याने दुसरे काही सिद्ध होत नव्हते. प्रॅटर यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

घरी पोहोचल्यावर एर्मलीन गाडीतून उतरली नाही. उतरायचे म्हणजे आधी दार धरायचे, मग पाय एकेक करून बाहेर ठेवायचे, मग झोका घेऊन उठायचे. ती समोरच्या काचेतून बघत बसली. मीही बसून राहिलो.

"तुलाही तसंच वाटतं ना, क्लोव्हिस?"

"आकडे तसं म्हणतात."

"आकड्यांना म्हणावं, माझ्याकडे जेवायला या."

"आकडे जेवत नाहीत."

"तू तर जेवतोस? तू ये. रोज ये. माझ्या ताटात काय असतं ते तुझ्या त्या मास्तरी डोळ्यांनी बघ, आणि मग सांग मला की मी ईस्टरनंतर घास चोरते." तिचा आवाज चढला नव्हता. "लहानपणापासून प्रत्येकानं माझ्या ताटात डोकावलंय. नन्स, नवरा, नर्स. आता ओहायोतला म्हातारा. मी त्या बसमध्ये अडकते, या गाडीत अडकते, न्हाणीत अडकते. पण ताट माझं होतं. तेसुद्धा आता पुराव्यात गेलं."

मी गेलो. त्या उपवासकाळात आठवड्यातून तीन-चारदा मी तिच्याकडे जेवलो. जे पाहिले ते असे. आमच्या भागातला उपवासकाळ क्रॉफिशच्या ऐन हंगामात येतो. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या सभागृहात मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा, बटाट्याचे सॅलड आणि पाव. शनिवारी कुणाच्या तरी अंगणात क्रॉफिशची कढई. इतर दिवशी क्रॉफिशचेच लोणीदार कालवण, भाताबरोबर. या दिवसांत माझा स्वतःचा कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकतो. एर्मलीन हेच खात होती, फक्त थोडे. तिला थोड्यातच पुरे होत होते. ती मन मारून ताट दूर सारत नव्हती. तिला खरोखर जात नव्हते.

मग मी तिला विचारले की गेल्या तीन उपवासकाळांत तिने काय काय सोडले होते. आमच्याकडे प्रत्येकजण काहीतरी सोडतो.

"पहिल्या वर्षी गोड. दुसऱ्या वर्षी शीतपेयं."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"शिव्या."

"फक्त शिव्या?"

"फक्त म्हणजे काय? तू कधी पासष्ट पोरं बसमधून नेली आहेस?"

तिन्ही वर्षी वजन साधारण सारखेच उतरले होते. शिव्यांमध्ये उष्मांक नसतात. म्हणजे ओहायोच्या डॉक्टरांनी ज्या त्यागाला श्रेय दिले, त्याचा वजनाशी संबंध नव्हता. पाणी उपवासकाळात थांबत होते हे खरे, पण तिच्या संयमामुळे नव्हे. या दिवसांत दुसरे काहीतरी बदलत असले पाहिजे.

मी शक्यता तपासू लागलो. बसच्या सीटचा पट्टा पोटावरून जातो. पण तो उपवासकाळातही असतो, आणि उन्हाळ्याच्या सुटीत नसताना वजन चढतच राहते. ती पालथी झोपत नाही. झोपेत लावायच्या श्वासाच्या यंत्राची नळी तोंडावर असताना ते शक्यच नाही. जड वस्तू ती बारा महिने उचलत नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारले की या दिवसांत काय बदलते.

"शुक्रवारी मांस नाही. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना."

"आणि?"

"आणि काही नाही, क्लोव्हिस. मी उंदीर आहे का तुझ्या प्रयोगातला? उंदराला निदान चीज तरी देतात."

ती खरे सांगत होती. तिच्या दृष्टीने आणखी काहीच बदलत नव्हते.

ईस्टरच्या रविवारी दुपारी मामाच्या अंगणात सगळे जमले. मी शेगडीपाशी उभा होतो. मामा घरात गेला आणि मार्डी ग्राच्या रात्री चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला अकॉर्डियन घेऊन बाहेर आला. आमच्याकडे उपवासकाळात नाच होत नाहीत आणि नाच नाही म्हणजे वाद्येही नाहीत. हे कुणी ठरवून सोडत नाही. याला कुणी त्याग म्हणत नाही आणि चर्चमध्ये कबुलीच्या वेळी कुणी सांगत नाही. हिवाळ्यात झाडांची पाने गळतात तसे ते आपोआप घडते, आणि म्हणून मोजले जात नाही. मी ओपलूससमध्ये जन्मलो, तरी मीही मोजले नव्हते.

एर्मलीन नऊ वर्षांची असल्यापासून वडिलांच्या बँडमध्ये फ्रॉत्वार वाजवते. पन्हाळी पत्र्याचे ते चिलखत खांद्यांवरून छातीवर अडकवतात आणि दोन्ही हातांतल्या चमच्यांनी त्याच्या वळ्या खरवडत ठेका धरतात. तिला उभे राहता येत नाही, म्हणून ती उंच स्टुलावर बसून वाजवते. तिने पत्रा अडकवला. मामाने तो खांद्याशी धरून निरखला.

"वर चढलाय, पोरी. जरा खाली ओढ, आवाज कोंडतोय."

"खाली ओढला की बटण दाबतं, पापा." तिने पत्रा खाली ओढला. "असू दे. सवय आहे."

मी शेगडीवरून वळलो. "कुठलं बटण?"

"माझं. डॉक्टरांचं."

"पत्र्याची कड बटणावर येते?"

"बसले की येते. टू-स्टेपची जलद चाल असली की आपटते. त्यात काय?"

"किती वर्षं?"

"बटण आहे तेव्हापासून."

"डॉक्टरांना सांगितलंस कधी?"

तिने माझ्याकडे शिकवणीतल्या मंद मुलाकडे बघावे तसे पाहिले. "त्यांनी विचारलं, जड उचलता का? नाही. पालथ्या झोपता का? नाही. पोटावर मार लागला का? नाही. फ्रॉत्वार वाजवता का, असं आजवर कुठल्याही डॉक्टरनं विचारलेलं नाही. आणि हे काय जड आहे? हे कपडे आहेत."

मामाने भाता उघडला आणि गाणे सुरू झाले. दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात नाच, दर रविवारी घोडेस्वारांच्या फेरीनंतर शेतात नाच. ईस्टरपासून पुढच्या मार्डी ग्रापर्यंत. उपवासकाळ तेवढा सोडून.

ती वाजवत असताना चाचणी घ्यावी हे प्रॅटर यांना पटायला एक आठवडा लागला. त्यांचे म्हणणे, क्ष-किरणांच्या खोलीत बँड वाजलेला त्यांनी कधी ऐकलेला नाही.

"बँड नाही, डॉक्टर," मामा म्हणाला. "आम्ही दोघंच. मी नसलो तर ही ठेका कुणाच्या आधारानं धरणार?"

ईस्टरला भरपूर वाजवून झाले होते, म्हणून आधी पट्टा रिकामा करून पांढऱ्या औषधाने पूर्ण भरला. एर्मलीन उताणी निजली: रेषा अखंड. मग तिला स्टुलावर बसवले, आणि मी आग्रह धरला की आधी पत्र्याशिवाय हात हलवून घ्यावेत. एक पूर्ण गाणे तिने रिकाम्या हवेत चमचे फिरवले.

"मास्तर," मामा भाता ओढताना म्हणाला, "तू संत थॉमसलासुद्धा लाजवशील. त्यानं निदान प्रभूच्या जखमेत एकदाच बोट घातलं होतं."

चित्र घेतले: रेषा अखंड. मग पत्रा अडकवून संथ वॉल्ट्झ. रेषा अखंड. मग पत्रा अडकवून टू-स्टेप. काच असलेल्या दारापलीकडे दोन नर्स ताल धरून उभ्या होत्या. गाणे संपल्यावर पत्रा उतरवला आणि तिला निजवले.

बटणाच्या खाली, नळी जिथे त्याला जोडते तिथे, एक पांढरा धागा रेषेबाहेर लोंबत होता.

प्रॅटर पडद्याजवळ गेले आणि मग लांब सरकले. "आणखी एक गाणं," ते म्हणाले.

आणखी एका गाण्यानंतर धाग्याचा डाग झाला.

एर्मलीनला ते दिसावे म्हणून पडदा वळवला. "म्हणजे भूक खरी होती," ती म्हणाली. उपवासकाळ असता तर तिने पुढची शिवी गिळली असती.

ओहायोच्या डॉक्टरांशी दुसरे बोलणे पहिल्याहून कठीण गेले. ते चुकले होते आणि हुशार होते.

"विश्रांतीच्या स्थितीत गळती नाही, असंच हे चित्र सांगतं," ते म्हणाले.

"तुमच्या नियमात 'विश्रांतीच्या स्थितीत' हे शब्द नाहीत," प्रॅटर म्हणाले. "साधन मोडलेलं असावं, एवढंच आहे."

"ठीक आहे. मग नळी आणि बटण बदलू. दुरुस्तीला मंजुरी लगेच देता येईल. आणि रुग्णाने ते वाद्य वाजवू नये."

एर्मलीन फोनकडे झुकली. "डॉक्टरसाहेब, मी एर्मलीन लमेल. ज्या दिवसांत मी वाजवत नव्हते, त्या दिवसांत तुम्ही म्हणालात पट्टा उत्तम चाललाय, शस्त्रक्रिया नको. आता म्हणता वाजवू नका. म्हणजे पुन्हा पट्टा उत्तम."

"बाई, मी वैद्यकीय सल्ला देतोय."

"मीही विचारतेच आहे. नवी नळी किती टिकेल?"

"ते वापरावर अवलंबून आहे."

"जुनी पाच वर्षं टिकली," प्रॅटर म्हणाले.

"माझा बाप एकोणऐंशी वर्षांचा आहे. तो वाजवतोय तोवर मी वाजवणार. हे मी आत्ताच सांगते, नंतर म्हणू नका की लपवलं. पाच वर्षांनी नळी पुन्हा फुटेल. मी पुन्हा फोन करीन. तुम्ही म्हणाल, आयुष्यात एकदाच."

"पाच वर्षांनी मी या खुर्चीत नसेन, बाई."

"मी माझ्या खुर्चीत असेन. ही बघा, तिच्यातून मला आत्तासुद्धा उठता येत नाहीये."

मग ते म्हणाले की चित्रे क्रमाने पाठवा, पत्र्याशिवायचे चित्रही पाठवा, ते सर्वांत महत्त्वाचे आहे; आणि पट्टा याच रुग्णात याच कारणाने पुन्हा निकामी होईल असे तुमचे मत असेल तर तसे स्पष्ट लिहा. प्रॅटर यांनी तसे लिहिले.

मंजुरीची वाट पाहण्याचे आठवडे वाईट गेले. एर्मलीनने वाजवणे थांबवले नाही. थांबवले असते तर पाणी टिकले असते, वजन उतरले असते आणि कंपनीला पहिला परिच्छेद पुन्हा मिळाला असता. म्हणून ती दर शनिवारी स्टुलावर बसून स्वतःचा पुरावा शाबूत ठेवत होती आणि दर सोमवारी बसच्या पायऱ्या आणखी हळू चढत होती. बरे होण्यासाठी बिघडत राहणे भाग होते. मी या काळात तिला कोणतीही आकृती काढून दाखवली नाही.

मेच्या अखेरीस होकार आला: पट्टा काढणे आणि बायपास, दोन्ही. कारण एका ओळीत दिले होते, साधनाचा यांत्रिक बिघाड, पुनरावृत्ती अपेक्षित. शाळा सुटल्यावर जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. गुडघ्यांचा प्रश्न अजून पुढे आहे. तो आकडा गाठायला वर्ष लागेल, आणि हाडांच्या डॉक्टरांसाठी कंपनीचे नियम वेगळे आहेत.

काढलेली नळी प्रॅटर यांनी स्वच्छ करून मला दिली. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली मी ती पाहिली. बटणाच्या धातूच्या टोकावर जिथे नळी चढवलेली असते, तिथे बाहेरच्या अंगाला अर्ध्या घेराएवढी भेग होती. भेगेच्या कडा गुळगुळीत झिजलेल्या होत्या. एका दिवसात फाटलेले सिलिकॉन असे दिसत नाही. नळी सरळ धरली की भेग मिटे. बोटाने बटण दाबले की नळी टोकावर वाकून भेग उघडे आणि आतले पाणी थेंबाने बाहेर येई.

कारण असे. बसून वाजवताना फ्रॉत्वारची खालची कड बटणावर येत असे आणि वेगवान ठेक्यात ती बटण आत ढकलत असे. पाच वर्षे एकाच जागी वाकून नळीला भेग पडली. त्यानंतर वाजवताना ती उघडून पाणी गळे आणि न वाजवता मिटून राही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत एर्मलीन वाजवत नसे, म्हणून त्या दिवसांत पट्टा भरलेला राही आणि वजन उतरे. ती त्या दिवसांत काय खात होती याचा त्याच्याशी संबंध नव्हता.